पाया बदलून पाहा!



११ चा वर्ग १२१. २२ चा वर्ग ४८४. २६ चा वर्ग ६७६. हे तिन्ही वर्ग डावीकडून वाचा की उजवीकडून, अंक तेच आणि क्रमही तोच. 'रामाला भाला मारा', 'ती होडी जाडी होती' अशी वाक्ये उलटसुलट वाचण्याचा खेळ तुम्ही खेळला असालच. अशा शब्दरचनेला विलोमपद म्हणतात. त्याच धर्तीवर आपण अशा संख्येला विलोम संख्या म्हणू, आणि ती एखाद्या संख्येचा वर्ग असेल तर तिला विलोम वर्ग म्हणू.

असल्या गमती मासिकांच्या पानांत, उरलेल्या कोपऱ्यातल्या चौकटीत छापल्या जातात. वाचणारा 'वा!' म्हणतो आणि पान उलटतो. दुसरा एखादा गंभीर गृहस्थ 'पोरखेळ आहे झाले' असे म्हणून नाक मुरडतो. माझे म्हणणे असे, की या दोघांनीही गणित केलेले नाही. अंकांची कोणतीही गंमत समोर आली की तिला एक प्रश्न विचारावा: 'बाई ग, तुझा पाया बदलला तर तू टिकशील का?' या एका प्रश्नाने गंमत आणि नियम यांची निवड होते, जशी सुपात धान्य आणि फोलपटे यांची होते. हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे, असे मला वाटते. का, ते पुढे सांगतो.

पाटी वेगळी, गाव वेगळे

धामणगाव रेल्वेच्या स्थानकावर जशी नावाची पाटी आहे, तशी प्रत्येक स्थानकावर असते. पाटीवर गावाचे नाव देवनागरीत असते आणि रोमन लिपीतही असते. ओडिशातील 'कटक' स्थानकाचे नाव पाहा. देवनागरीत क-ट-क हे नाव उलट वाचले तरी कटकच. पण तेच नाव रोमन लिपीत सी-यू-टी-टी-ए-सी-के असे लिहितात. ते उलटे वाचले तर काहीच अर्थबोध होत नाही. मग कटक हे गाव विलोम आहे की नाही? प्रश्नच चुकीचा आहे. गाव विलोम नसते. गावाचे नाव एका लिपीत विलोम असते आणि दुसरीत नसते.

संख्येचेही नेमके तसेच आहे. संख्या म्हणजे गाव, आणि आपण लिहितो ते अंक म्हणजे पाटी. आपली पाटी दहाच्या पायावर, म्हणजे दशमान पद्धतीत लिहिलेली असते. एकक, दशक, शतक, हजार ही स्थाने दहा-दहा पटींनी वाढतात. पण दहाच का? हाताला बोटे दहा, यापलीकडे त्याला काही फारसे कारण नाही. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी १ एप्रिल १९५७ पूर्वीचा व्यवहार ऐकलेला असेल. तेव्हा रुपयाचे आणे सोळा असत आणि आण्याचे पैसे चार. ज्योतिषी मंडळी दिवसाच्या घटका साठ धरत आणि घटकेची पळे साठ. संगणक तर दोनच अंकांवर, ० आणि १ वर, आपला सारा प्रपंच चालवतो. तेव्हा दहा हा अनेक पायांपैकी एक पाया आहे, एवढेच.

चौदा वर्ग आणि त्यांच्या दोन जाती

आता कागद-पेन्सिल घ्या. १ पासून ९९९ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग तपासले, तर दशमान पद्धतीत विलोम वर्ग फक्त चौदा सापडतात. ते असे:

१, ४, ९, १२१, ४८४, ६७६, १०२०१, १२३२१, १४६४१, ४०८०४, ४४९४४, ६९६९६, ९४२४९ आणि ६९८८९६.

यांची वर्गमुळे अनुक्रमे अशी:

१, २, ३, ११, २२, २६, १०१, १११, १२१, २०२, २१२, २६४, ३०७ आणि ८३६.

वर्गमुळांकडे नीट पाहा. १, २, ३, ११, २२, १०१, १११, १२१, २०२, २१२ ही दहा वर्गमुळे स्वतःच विलोम आहेत. २६, २६४, ३०७, ८३६ ही चार तशी नाहीत. ही चार पाहुण्यांसारखी मधेच येऊन बसली आहेत. दोन जाती आपोआप वेगळ्या पडल्या. आता पहिल्या जातीचे कारण शोधू.

सारा खेळ हातच्याचा

२१२ ला २१२ ने गुणा, पण एक पथ्य पाळा: प्रत्येक रकान्याची बेरीज तशीच लिहून ठेवा, हातचा घेऊ नका.

एककाच्या रकान्यात २×२, म्हणजे ४.
दशकाच्या रकान्यात २×१ आणि १×२, म्हणजे ४.
शतकाच्या रकान्यात २×२, १×१ आणि २×२, म्हणजे ९.
हजाराच्या रकान्यात पुन्हा १×२ आणि २×१, म्हणजे ४.
दशहजाराच्या रकान्यात २×२, म्हणजे ४.

उत्तर ४४९४४. वर्गमूळ मधोमध दुमडले तर दोन्ही बाजू जुळतात. म्हणून गुणाकाराचे रकानेही मधोमध दुमडता येतात: पहिला आणि शेवटचा सारखा, दुसरा आणि शेवटून दुसरा सारखा. ही जुळणी बिघडवणारा एकच खट्याळ प्राणी आहे, आणि तो म्हणजे हातचा. तो नेहमी डावीकडेच उडी मारतो. उजवीकडे कधीच जात नाही. हातचा आला की तराजूच्या एकाच पारड्यात वजन पडते.

मग हातचा केव्हा येणार नाही? सर्वांत जड रकाना मधला. त्यात वर्गमुळातील प्रत्येक अंकाच्या वर्गाची बेरीज असते. २१२ मध्ये ती ४+१+४, म्हणजे ९ आहे. दशमान पद्धतीत एका स्थानी ९ पर्यंत मावते, म्हणून २१२ काठावर पास झाली. २२२ घ्या. मधल्या रकान्यात ४+४+४, म्हणजे १२ आले, हातचा उडाला, आणि वर्ग ४९२८४ झाला. तो विलोम नाही. चार अंकी, पाच अंकी संख्यांनाही हाच हिशेब लागू आहे. ११२११ मध्ये अंकांच्या वर्गांची बेरीज १+१+४+१+१, म्हणजे ८. तेव्हा गुणाकार करण्यापूर्वीच मी पैजेवर सांगतो, की वर्ग विलोम येणार. तो आहे १२५६८६५२१.

गुणाकार न करता उत्तराचे लक्षण सांगता आले, याला म्हणतात नियम कळणे. नुसते १२५६८६५२१ बघून 'वा!' म्हणण्यात आणि यात केवढे अंतर आहे, ते तुम्हीच ठरवा.

आता आपला प्रश्न विचारू: पाया बदलला तर? नियमात दहा कोठे आले होते? फक्त एका ठिकाणी, 'एका स्थानी किती मावते' या प्रश्नात. म्हणून ११ चा वर्ग १२१ हे विधान तीनच्या पायापासून पुढे प्रत्येक पायात खरे आहे, कारण मधला रकाना २ चा आहे आणि तीनच्या पायात २ मावतात. १११ चा वर्ग १२३२१ हे चारच्या पायापासून पुढे, १२१ चा वर्ग १४६४१ हे सातच्या पायापासून पुढे आणि २२ चा वर्ग ४८४ हे नऊच्या पायापासून पुढे खरे. दशमान पद्धतीत नापास झालेली २२२ सोळाच्या पायात पास होते, कारण तेथे बाराला स्वतःचे एकच चिन्ह असते. जुनी माणसे एखादी गोष्ट पक्की असली की 'सोळा आणे खरी' म्हणतात. १२१ ची गोष्ट खरोखरच सोळा आणे खरी आहे, आणि बारा आणेही खरी आहे!

२६ चे माहेर

आता त्या चार पाहुण्यांकडे वळू. २६ चा वर्ग ६७६. वर्गमूळ विलोम नाही आणि गुणाकारात हातचाही येतो. तरी उत्तर विलोम! याचा उलगडा दशमान पद्धतीत होत नाही. म्हणून पाया बदलू.

समजा, तुमच्यापुढे २६ संत्री आहेत. वरुड-मोर्शीची असली तर उत्तमच. ती पाच-पाचाच्या ढिगांनी लावा. पाच ढीग झाले आणि एक संत्रे उरले. पाच ढिगांचा मिळून एक मोठा ढीग करा. म्हणजे मोठा ढीग १, सुटे लहान ढीग ०, सुटी संत्री १. पाचाच्या पायात २६ ही संख्या १०१ अशी लिहावी लागते. वाचताना तिला 'एकशे एक' म्हणू नका, 'एक-शून्य-एक' म्हणा.

आता ६७६. पाचाच्या पायातील स्थाने १, ५, २५, १२५, ६२५ अशी असतात. ६७६ मध्ये ६२५ एकदा, १२५ शून्य वेळा, २५ दोनदा, ५ शून्य वेळा आणि १ एकदा. म्हणजे १०२०१. अरे, हा तर आपल्या ओळखीचा, १०१ चा वर्ग! दशमान पद्धतीत परकी वाटणारी २६ पाचाच्या पायात घरचीच निघाली. तेथे ना हातचा, ना आश्चर्य.

३०७ ची चौकशी करू. सतराचा वर्ग २८९. त्यात १७ मिळवले, १ मिळवला, की झाले ३०७. म्हणजे सतराच्या पायात ३०७ ही १११ आहे आणि तिचा वर्ग, म्हणजे ९४२४९, हा तेथे १२३२१ असा दिसतो. ताळा स्वतः करून पाहा. सतराची चौथ्या घातापर्यंतची स्थाने १, १७, २८९, ४९१३ आणि ८३५२१ अशी आहेत.

पण येथे सावध राहिले पाहिजे. कोणतीही संख्या तिच्याहून एकाने लहान असलेल्या पायात ११ अशीच दिसते. २६४ ही २६३ च्या पायात ११, आणि ८३६ ही ८३५ च्या पायात ११. मग त्यांचे वर्ग तेथे १२१ होणारच. किंबहुना ४ किंवा त्याहून मोठी कोणतीही संख्या घ्या. तिचा वर्ग कोणत्या ना कोणत्या पायात १२१ असतोच. जगात असा मोठा वर्ग नाही, जो कोठेच विलोम नाही! मग 'हा वर्ग विलोम आहे का?' या प्रश्नाला अर्थच काय उरला? अर्थ उरतो, पण 'कोणत्या पायात?' हे सांगितल्यावरच. पायाशिवाय विलोम म्हणणे म्हणजे लिपी न सांगता नाव विलोम आहे म्हणण्यासारखे आहे.

आणि २६४ व ८३६ यांच्या दशमान वर्गांचे काय? ६९६९६ आणि ६९८८९६ हे आपल्या हातच्याच्या नियमात बसत नाहीत. हातच्यांची उलथापालथ होऊनही उत्तर विलोम निघाले, हा योगायोग म्हणू. योगायोग असण्यात काही कमीपणा नाही. पण तो नियमाच्या पंगतीला बसवू नये.

दोनाच्या पायातील वाळवंट

पाया लहान केला की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. दोनाच्या पायात एका स्थानी फक्त १ मावतो. १ चा वर्ग १, तो ठीकच. त्यानंतर ३ ही तेथे ११ अशी दिसते. तिच्या वर्गाच्या मधल्या रकान्यात १+१, म्हणजे २ येतात आणि लगेच हातचा उडतो. तरीही ९ ही संख्या तेथे १००१ निघते, आणि तीही विलोम! मग पुढे? पुढे वाळवंट. ४ पासून ४५२२ पर्यंत एकाही संख्येचा वर्ग दोनाच्या पायात विलोम नाही. ४५२३ चा वर्ग २,०४,५७,५२९. तो दोनाच्या पायात असा लिहितात:

१००१११०००००१०१०००००१११००१

पंचवीस अंक आहेत. मधल्या शून्यावर बोट ठेवा आणि दोन्हीकडे मोजत जा. दहाच्या पायात जे मुबलक वाटत होते, ते दोनाच्या पायात एवढे दुर्मीळ का, याचे उत्तर आता तुमच्यापाशी आहे. तेथे हातचा टाळायला जागाच नाही. म्हणून नियम तेथे जवळजवळ मुका होतो आणि सगळे योगायोगावर सोडावे लागते.

कधी कधी पाया बदलल्याने अडलेली गाडी सुटतेही. एखादी संख्या घ्या, ती उलटी करा आणि मूळ संख्येत मिळवा. ५७ आणि ७५ मिळून १३२, १३२ आणि २३१ मिळून ३६३, झाली विलोम! बहुतेक लहान संख्या अशा चार-दोन पायऱ्यांत विलोम होतात. पण १९६ चे काय होते? संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत मजल मारली, तरी विलोम संख्या आली नाही. आणि ती कधीच येणार नाही असे आजवर कोणी सिद्धही केलेले नाही. दोनाच्या पायात मात्र १०११० ही संख्या, म्हणजे आपली २२, कधीच विलोम होत नाही, हे सिद्ध झाले आहे. दहाच्या पायात बंद असलेले दार दोनाच्या पायात उघडले.

देवळालीचे शिक्षक

आता या प्रश्नाची खरी कसोटी. धामणगावहून मुंबईकडे जाणारी गाडी बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड करत नाशिक रोडच्या पुढे देवळाली ओलांडते, घाट उतरते आणि कल्याणनंतर डोंबिवलीवरून जाते. या एकाच लोहमार्गावरच्या दोन स्थानकांशी एका मराठी शिक्षकाचे नाव जोडलेले आहे: दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १९८६ साली ते वारले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील आसन नाही, संगणक तर नाहीच. शाळेचे काम सांभाळून हा माणूस आयुष्यभर अंकांच्या मागे लागला.

१, १२१, १२३२१, १२३४३२१ ही जी सोपानासारखी चढत-उतरत जाणारी मालिका, म्हणजे नुसत्या १ या अंकाने बनलेल्या संख्यांचे वर्ग, त्यांना कापरेकरांनी 'डेमलो संख्यां'च्या कुळात घातले. डेमलो हे नाव आजच्या डोंबिवली स्थानकावरून आले. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या या स्थानकात त्यांना या संख्यांचा विचार सुचला. नऊ एकांपर्यंत हा जिना बिनचूक चढतो: ११११११११११ च्या आधीची संख्या, म्हणजे नऊ वेळा १, तिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक लावला की वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो आणि जिना मोडतो. का मोडतो, हे तुम्ही आता सहज सांगाल: मधल्या रकान्यात दहा एक जमले आणि हातचा उडाला. आठाच्या पायात हा जिना सात एकांपर्यंतच चढेल, बाराच्या पायात अकरापर्यंत. पायापेक्षा एकाने कमी, हा झाला नियम. म्हणजे डेमलोचा जिना दहाच्या मेहेरबानीवर उभा नाही. तो प्रत्येक पायात आहे. फक्त त्याची उंची बदलते.

कापरेकरांच्या या संशोधनाला आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर झाले. प्रश्न असा, की हसणारे बरोबर होते का?

हार्डी यांचा आक्षेप

हसणाऱ्यांच्या बाजूने एक फार मोठे नाव उभे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रामानुजन यांची प्रतिभा ओळखणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशा अंकगमतींची उदाहरणे दिली आहेत. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या अशा, की ज्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत: ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. कोडी घालण्याच्या सदरात हे शोभेल, पण गणितज्ञाला यात काही घेण्यासारखे नाही, असा त्यांचा अभिप्राय. अशा विधानांतून पुढे दुसरे काही निघत नाही, हा त्यांचा मुद्दा.

मी म्हणतो, हार्डी यांच्याच उदाहरणाला आपला प्रश्न विचारू. पाचाच्या पायात १०३४ घ्या. म्हणजे १२५+०+१५+४, एकूण १४४. तिची चौपट ५७६. पाचाच्या पायात ५७६ कशी लिहाल? ४ वेळा १२५, ३ वेळा २५, ० वेळा ५ आणि १: म्हणजे ४३०१. उलटली की नाही संख्या? आठाच्या पायात १०६७ ची सातपट ७६०१ येते. रचना तीच: १, ०, मग पायाहून दोनाने लहान अंक, मग एकाने लहान अंक. पायाहून एकाने लहान संख्येने गुणले की संख्या कूस बदलते. शिवाय दहाच्या पायातील उत्तर ९८०१ हा ९९ चा वर्ग, आणि पाचाच्या पायातील उत्तर ५७६ हा २४ चा वर्ग. ९९ म्हणजे दहाच्या वर्गाहून एक कमी आणि २४ म्हणजे पाचाच्या वर्गाहून एक कमी! नववी-दहावीच्या बीजगणितात हे चार ओळींत सिद्ध होते.

तेव्हा हार्डी यांचे निदान अर्धे बरोबर होते. नुसते ९८०१ दाखवून थांबलो तर त्यात घेण्यासारखे काही नाही, हे मला मान्य आहे. पण थांबावे कशाला? 'का?' आणि 'इतर पायांत काय?' हे दोन प्रश्न जोडले, की तीच गंमत प्रमेय होते.

कापरेकरांच्या ६१७४ चे असेच झाले. चार अंक सगळे सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा; आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. पाचाच्या पायात ३०३२ ही संख्या असा मुक्काम करते: ३३२० वजा ०२३३ म्हणजे पुन्हा ३०३२. कोणकोणत्या पायांत असा चार अंकी स्थिरांक मिळतो, याचा संपूर्ण शोध १९७८ साली एका शोधनिबंधात घेतला गेला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक होते हेल्मुट हासे, जर्मनीतील विसाव्या शतकातले मातब्बर अंकगणिती. ज्याला आपल्याकडे पोरखेळ म्हणून हसले गेले, त्यावर एवढ्या मोठ्या माणसाने उतारवयात लेखणी चालवली. पण लक्षात घ्या, त्यांनीही गंमत म्हणून गंमत सांगितली नाही. त्यांनी पाया बदलून पाहिला.

शुभ आकड्यांचे काय?

या कसोटीचा उपयोग वर्गाबाहेरही आहे. मोटारीला ठराविक क्रमांक मिळावा म्हणून लोक जादा पैसे भरतात. कोणाला तेरा हा आकडा अशुभ वाटतो. पण तेरा ही संख्या बाराच्या पायात ११ अशी आणि आठाच्या पायात १५ अशी लिहितात. मग अशुभ काय झाले, संख्या की पाटी? २ फेब्रुवारी २०२० हा दिवस ०२०२२०२० असा विलोम येतो म्हणून त्याचा गाजावाजा झाला. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे तो दिवस १३ माघ १९४१ होता. त्यात विलोम असे काही नाही. सूर्य त्या दिवशी नेहमीसारखाच उगवला. दिनदर्शिका बदलली किंवा पाया बदलला की जे नाहीसे होते, ते आपल्या लिहिण्याच्या रीतीत असते, निसर्गात नसते. ज्या मुलाने २६ संत्र्यांचे ढीग स्वतः लावून पाहिले आहेत, त्याला हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

माझी विनंती

शिक्षकांना माझी विनंती, की अंकांच्या गमती सुट्टीच्या आदल्या तासासाठी राखून ठेवू नका. एक गंमत फळ्यावर लिहा आणि मुलांना सातच्या पायात तपासायला सांगा. पायाची पद्धत पाठ्यपुस्तकात नुसती रूपांतराच्या उदाहरणांसाठी आली तर मुलांना ती रुक्ष वाटते. पण हातात तपासायला काही असले, की तीच मुले ओळीच्या ओळी लिहून काढतात.

आणि तुम्हांला विनंती, की गंमत ऐकली की ती दुसऱ्याला सांगण्यापूर्वी तिचा पाया बदलून पाहा. याला प्रयोगशाळा लागत नाही, मोठे शहर लागत नाही. देवळालीच्या शिक्षकाला लागली तेवढीच सामग्री लागते: वही, पेन्सिल आणि न कंटाळणारे डोके.

सुरुवातीला हे तीन प्रश्न घ्या.

पहिला: ५० आणि ५७ या दोन्ही संख्यांचे वर्ग एकाच लहानशा पायात विलोम आहेत. तो पाया कोणता?

दुसरा: १३ चा वर्ग १६९ आणि उलट्या ३१ चा वर्ग ९६१, १०२ चा वर्ग १०४०४ आणि २०१ चा वर्ग ४०४०१. पण १४ आणि ४१ यांना हे का जमत नाही? आणि त्यांना जमेल असा सर्वांत लहान पाया कोणता?

तिसरा: आठाच्या पायात पहिल्या ६३ संख्यांचे वर्ग लिहून काढा. विलोम किती मिळाले? त्यांतले नियमाचे किती आणि योगायोगाचे किती?

तिसऱ्याचे उत्तर मी मुद्दामच देत नाही. ते वहीत उतरवा आणि प्रत्येक उत्तरापुढे एक शब्द लिहा: 'नियम' किंवा 'योगायोग'. तो एक शब्द लिहिता येणे, एवढेच मला या लेखातून हवे होते.